पिशवीच्या अस्तराची बायोप्सी: नमुना कसा द्यावा, रिपोर्ट कसा वाचावा

मी हिस्टोपॅथॉलॉजिस्ट आहे. शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, ते रंगवायचे आणि मायक्रोस्कोपखाली जे दिसलं ते लिहायचं, हे माझं काम. मिरजेतल्या आमच्या लॅबमध्ये जत, कवठेमहांकाळ, शिरोळ, पलीकडे अथणीपर्यंतच्या नर्सिंग होममधून नमुने येतात. त्यांत गर्भाशयाच्या अस्तराचे, म्हणजे एंडोमेट्रियमचे तुकडे रोज असतात. कुणाला दोन पाळ्यांच्या मधेच डाग जातोय, कुणाचे दोन-तीन गर्भ पडलेत, कुणाचं आयव्हीएफ होऊनही गर्भ रुजला नाही.

रिपोर्टवर ‘क्रॉनिक एंडोमेट्रायटिस’ किंवा ‘प्लाझ्मा सेल्स सीन’ असं आलं की खिडकीपाशीच कागद उघडून पहिला प्रश्न येतो, “मॅडम, कॅन्सर तर नाही ना?” हे निदान कॅन्सरचं नाही. ही अस्तरात रेंगाळलेली, बहुतेकदा काहीच त्रास न देणारी सूज आहे आणि तिच्यावर औषध आहे. पण ती खरोखर आहे की नाही हे ठरवायला नमुना योग्य दिवशी घेतलेला, योग्य बाटलीत आलेला असावा लागतो, आणि रिपोर्टात पेशींचा आकडा आणि जागा लिहिलेली असावी लागते. यातलं बरंच काही तुम्ही विचारून, सांगून, लिहून घडवून आणू शकता.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. सोनोग्राफीत पिशवी थोडी मोठी दिसली की ‘पिशवीला सूज आहे’ असं सांगितलं जातं. त्याचा आणि या आजाराचा संबंध असेलच असं नाही. अस्तरातली ही सूज पेशींच्या पातळीवरची आहे, सोनोग्राफीच्या पडद्यावर ती दिसत नाही. दुर्बिणीच्या तपासणीत, म्हणजे हिस्टेरोस्कोपीत, तिच्या खुणा दिसू शकतात: लालसर चट्टे, पाणथळ फुगलेलं अस्तर, एक मिलिमीटरपेक्षाही लहान असे सूक्ष्म पॉलिप. इटलीतल्या बारी इथल्या एत्तोरे चिचिनेल्ली यांच्या गटानं या खुणांवर बरंच काम केलं आहे. तरीही शेवटचा शब्द तुकड्याचाच.

अस्तरात कोणत्या पेशी असायलाच हव्यात

अस्तराचे दोन थर असतात. वरचा थर दर पाळीला गळून जातो. खालचा, बेसल थर, तसाच राहतो आणि त्यातून पुढच्या महिन्याचं अस्तर उगवतं. दोन्ही थरांत प्रतिकारपेशी असतात, अगदी निरोगी बाईच्या अस्तरातही. “पेशी आहेत” एवढ्यानं घाबरायचं कारण नाही. कोणत्या आहेत, केव्हा आहेत आणि कुठे आहेत, हे बघायचं.

सगळ्यात जास्त चर्चा नॅचरल किलर पेशींची होते, कारण त्यांच्या नावातच मारणं आहे. गर्भाशयातल्या या पेशी रक्तातल्या त्याच नावाच्या पेशींपेक्षा वेगळ्या. यांच्यावर सीडी ५६ ही खूण ठळक असते आणि सीडी १६ नसते. रक्तातल्या बहुतेक नॅचरल किलर पेशींचं नेमकं उलट असतं: सीडी ५६ फिकट, सीडी १६ हजर. पाळीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात त्या अस्तरात थोड्या असतात, दुसऱ्या पंधरवड्यात भराभर वाढतात, आणि दिवस राहिले तर सुरुवातीच्या आठवड्यांत तिथल्या प्रतिकारपेशींपैकी सुमारे ७० टक्के याच असतात. त्या गर्भाला मारत नाहीत. आईच्या नागमोडी रक्तवाहिन्या रुंद करून वारेकडे रक्त पोचवण्याच्या कामात त्या मदत करतात. म्हणजे पाळीच्या तोंडावर घेतलेल्या नमुन्यात त्या भरपूर दिसल्या तर ते अस्तर आपलं काम नीट करतंय.

त्यांच्या जोडीला टी पेशी असतात, त्यातही सीडी ८ जातीच्या जास्त. मॅक्रोफेज असतात. पाळी सुरू होण्याच्या बेताला न्यूट्रोफिल येतात, गळणाऱ्या अस्तराची साफसफाई करायला. बी पेशी मात्र अगदी कमी, १ टक्क्याहूनही कमी, आणि त्या सहसा बेसल थरात छोट्या पुंजक्यांत बसून असतात.

दीर्घकालीन सुजेत बिघडतं ते इथे. बी पेशी आपली जागा सोडून वरच्या थरात येतात, ग्रंथींच्या भिंतींत घुसतात, ग्रंथींच्या पोकळीतही दिसतात. हे का होतं यावर जपानमधल्या कोतारो किताया यांनी महत्त्वाचं काम केलं. जिवाणूंच्या आवरणातले घटक अस्तराला लागले की तिथल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी ई-सिलेक्टिन नावाचा चिकट रेणू पुढे करतात आणि अस्तरातून सीएक्ससीएल १३, सीएक्ससीएल १ अशी बोलावणारी रसायनं सुटतात. रक्तातून जाणाऱ्या बी पेशी त्या हाकेवर थांबतात आणि आत शिरतात. आत आल्यावर त्यातल्या काहींच्या प्लाझ्मा पेशी होतात. प्लाझ्मा पेशीचं काम एकच, अँटिबॉडी बनवणं. ते तिचं काम आहे हे स्वीडनच्या अ‍ॅस्ट्रिड फाग्रेयस यांनी १९४८ मध्ये आपल्या प्रबंधातून दाखवून दिलं. त्या पेशीची ओळख वैद्यकाला त्याआधी निम्म्या शतकाहून जास्त काळ होती, काम मात्र माहीत नव्हतं. मला त्या प्रबंधाबद्दल फार आदर आहे.

बाकीच्या पेशींचं संतुलनही यात हलतं. इटलीतल्या एका गटानं २००९ मध्ये वंध्यत्व आणि ही सूज दोन्ही असलेल्या बायकांचं अस्तर तपासलं. त्यांना टी पेशी वाढलेल्या आणि गर्भाशयाच्या खास नॅचरल किलर पेशी कमी झालेल्या आढळल्या. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्या पेशींवर बायकांच्या गर्भपाताचं खापर फोडलं जातं, त्या इथे कमी होत्या.

एक प्रश्न बऱ्याच जणी विचारतात आणि तो फार चांगला प्रश्न आहे: दर महिन्याला अस्तर गळून जातं, मग सूजही त्याच्याबरोबर का जात नाही? कारण बेसल थर जात नाही. जंतू आणि सूज तिथे टिकली की नवं अस्तर त्याच जमिनीतून उगवतं.

नमुना देण्याआधी: तारीख आणि दोन बाटल्या

तुमच्या हातात सगळ्यात जास्त इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट तारीख. प्लाझ्मा पेशी शोधायच्या असतील तर पाळी संपल्यानंतरचे दिवस बरे, साधारण सहाव्यापासून बाराव्यापर्यंत. तेव्हा अस्तर पातळ आणि स्वच्छ असतं, त्यात परक्या पेशी चटकन उठून दिसतात. पाळीच्या तोंडावर नॅचरल किलर पेशी आणि इतर गोल केंद्रकांच्या पेशींची इतकी गर्दी होते की त्यात प्लाझ्मा पेशी ओळखणं कठीण जातं. पण डॉक्टरांना गर्भाशयाच्या क्षयाची, टीबीची शंका असेल तर उलट पाळीच्या आधीचे दिवस सोयीचे. टीबीच्या गाठी, म्हणजे ग्रॅन्युलोमा, तयार व्हायला वेळ लागतो आणि पाळीबरोबर त्या गळून जातात. महिन्याच्या शेवटी त्या सापडण्याची शक्यता जास्त. तेव्हा बायोप्सीची तारीख घेताना डॉक्टरांना एवढंच विचारा, “आपण नक्की काय शोधतोय?” उत्तरावर दिवस ठरतो.

पाळीच्या आधी नमुना घ्यायचा असेल तर त्या महिन्यात दिवस राहणार नाहीत याची काळजी घ्या आणि आधी लघवीची चाचणी करून घ्या.

नमुना घेण्याच्या पद्धतीबद्दल फार भीती नको. बारीक नळीनं, पिपेलनं, ओपीडीतच भूल न देता तुकडा घेता येतो. पाळीत पोटात कळ येते तशी कळ येते आणि थांबते. क्युरेटिंग करायची गरज प्रत्येकीला नसते. पिपेलनं कधी फारच थोडा तुकडा येतो किंवा नुसतं रक्त आणि शेंबूड येतो. तेव्हा आम्ही ‘नमुना अपुरा’ असं लिहितो. त्याचा अर्थ नमुना पुन्हा लागेल एवढाच.

दुसरी गोष्ट बाटली. आमच्याकडे कितीतरी नमुने नातेवाईकच घेऊन येतात. नवरा मोटरसायकलच्या डिकीत बाटली ठेवून तीस-चाळीस किलोमीटर येतो. म्हणून हे नातेवाइकांनाच माहीत हवं. मायक्रोस्कोपखाली बघायचा तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये हवा आणि फॉर्मॅलिन तुकड्याच्या किमान दहापट हवं. टीबीच्या तपासणीचा तुकडा मात्र नॉर्मल सलाइनमध्ये, निर्जंतुक डबीत आणि त्याच दिवशी लॅबला. फॉर्मॅलिननं जंतू मरतात. मग त्याचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होत नाही आणि सीबीनॅटसारखी, टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणीही बिघडते. आणि सलाइनमध्ये रात्रभर राहिलेला तुकडा मला निरुपयोगी, पेशी विरघळायला लागतात. तेव्हा दोन प्रश्न असतील तर दोन बाटल्या, दोन लेबलं. एकाच बाटलीत सगळा तुकडा टाकून “यातूनच टीबीचंही बघा” अशी चिठ्ठी आली की मला काही करता येत नाही, आणि त्या बाईला पुन्हा टेबलावर झोपावं लागतं. दर वेळी याचं मला वाईट वाटतं. ओटीमधल्या सिस्टरना आधीच विचारून घ्या, त्या सांगतील.

फॉर्मॅलिन डोळ्यांना, नाकाला झोंबतं आणि विषारी आहे. झाकण घट्ट लावा आणि पिशवी मुलांच्या हाती देऊ नका.

तिसरी गोष्ट फॉर्म. नमुन्याबरोबरच्या कागदावर शेवटच्या पाळीची तारीख नसेल तर मी अर्धी आंधळी असते. ती तारीख स्वतः डोळ्यांसमोर लिहून घ्या. जोडीला लिहा: पाळी किती दिवसांनी येते, पाळी आणायच्या किंवा लांबवायच्या गोळ्या चालू आहेत का, तांबी बसवलेली आहे का किंवा होती का, शेवटचं बाळंतपण, गर्भपात किंवा क्युरेटिंग केव्हा झालं, घरात कुणाला टीबी झाला होता का. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी अस्तराचं रूपच बदलतं. गर्भपातानंतर आत राहिलेल्या कणाभोवती प्लाझ्मा पेशी जमतात, तांबीमुळेही जमतात. हे माहीत असलं तर त्याच पेशींचा अर्थ वेगळा लागतो आणि उपायही वेगळा. राहिलेला कण काढला किंवा तांबी काढली तरच सूज जाते.

मी काय शोधते

आधी कमी मोठेपणाखाली सगळा काप फिरवून बघते. पेशी मोजण्याच्या आधी अस्तराची ठेवण बघायची. ग्रंथी आणि भोवतालचा भाग एकमेकांशी जुळत नाहीत का, भोवतालच्या पेशी लांबट, तर्कूच्या आकाराच्या झाल्यात का, मधे पाणी साचल्यासारखं फुगलंय का, लिम्फोसाइटचे पुंजके वरच्या थरात आलेत का. असं काही दिसलं की जास्त मोठेपणावर जाऊन प्लाझ्मा पेशींचा शोध.

प्लाझ्मा पेशी एकदा ओळखीची झाली की विसरत नाही. केंद्रक मधोमध नसून एका कडेला सरकलेलं, त्यातलं क्रोमॅटिन, म्हणजे जनुकीय द्रव्य, घड्याळाच्या तबकडीवरच्या आकड्यांसारखं कडेकडेनं मांडलेलं, बाजूला भरपूर निळसर-जांभळा पेशीद्रव आणि केंद्रकाशेजारी एक फिकट चंद्रकोर. तिथे अँटिबॉडी बांधून बाहेर पाठवणारी गॉल्जी यंत्रणा असते.

साध्या रंगात, म्हणजे हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनमध्ये, ती दर वेळी इतकी स्पष्ट दिसत नाही. अस्तराच्या स्वतःच्या पेशीही कधी तिच्यासारख्या भासतात. म्हणून सीडी १३८ हा खास रंग वापरतात. सीडी १३८ म्हणजे सिंडेकन-१ हे प्रथिन. प्लाझ्मा पेशीच्या कडेला तपकिरी रेघ उमटते आणि मोजणं सोपं होतं. पण त्यात एक खोच आहे. हेच प्रथिन ग्रंथींच्या पेशींवरही असतं, त्यामुळे त्याही तपकिरी होतात. सुटलेली एखादी ग्रंथीपेशी प्लाझ्मा पेशी म्हणून मोजली गेली की आकडा उगाच फुगतो. त्यावर काही लॅब मम-१ हा दुसरा रंग जोडीला लावतात. तो केंद्रकात उमटतो आणि ग्रंथींना लागत नाही. काही जागृत टी पेशींनाही तो लागतो, तेव्हा तोही डोळे मिटून मोजायचा नाही. रंग कोणताही असो, पेशीचं रूप जुळलं तरच मी ती मोजते.

हा खास रंग प्रत्येकीला हवाच असं नाही. पाळीच्या सामान्य तक्रारीसाठी साधा रंग बहुधा पुरतो. वारंवार गर्भपात किंवा वारंवार गर्भ न रुजणं असेल आणि साध्या रंगात शंका आली असेल, तर तो करून घेण्यात अर्थ आहे. नवा तुकडा द्यावा लागत नाही. जुन्याच मेणाच्या ब्लॉकमधून नवा काप घेता येतो.

रिपोर्टातला आकडा

किती प्लाझ्मा पेशी दिसल्या म्हणजे आजार म्हणायचा? यावर जगभरात एकमत नाही. कुणी संपूर्ण नमुन्यात एक दिसली तरी पुरे म्हणतात, कुणी एका हाय पॉवर फील्डमध्ये, म्हणजे जास्त मोठेपणावर एका वेळी दिसणाऱ्या वर्तुळात, पाच मागतात. म्हणूनच वंध्यत्व असलेल्या बायकांमध्ये या सुजेचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ३ टक्क्यांच्या आसपासपासून ५० टक्क्यांच्या वरपर्यंत छापलेलं सापडतं. आणि मुलं सहज झालेल्या, कसलाही त्रास नसलेल्या बायकांच्या अस्तरातही एखाददुसरी प्लाझ्मा पेशी सापडते. माझं स्वतःचं मत असं की सगळ्या नमुन्यात एकटीच पेशी दिसली, ठेवण अगदी नीट असली, तर त्या बाईला आजारी म्हणू नये. मी तसं लिहितही नाही. “विरळ प्लाझ्मा पेशी, सुजेच्या इतर खुणा नाहीत” असं लिहिते आणि ठरवणं तिच्या डॉक्टरांवर सोडते.

हाय पॉवर फील्ड हे मापही सगळीकडे सारखं नसतं. ४० पटींच्या भिंगाखाली मला दिसणारं वर्तुळ किती मोठं, हे डोळ्यापाशी असलेल्या भिंगावर अवलंबून. १८ फील्ड नंबरच्या जुन्या आयपीसमध्ये ते साधारण ०.१६ चौरस मिलिमीटर, २२ नंबरच्या आयपीसमध्ये ०.२४. म्हणजे दोन लॅबनी प्रामाणिकपणे मोजूनही आकड्यात दीडपट फरक पडू शकतो. तेव्हा एका लॅबचा ‘सहा’ आणि दुसऱ्या लॅबचा ‘चार’ यांवरून सूज कमी झाली असा निष्कर्ष काढू नका. उपचाराआधीचा आणि नंतरचा नमुना शक्यतो एकाच लॅबमध्ये द्या.

रिपोर्ट हातात आला की त्यात हे शोधा: अस्तर महिन्याच्या कोणत्या टप्प्यातलं आहे (प्रोलिफरेटिव्ह, म्हणजे पहिल्या पंधरवड्यातलं, की सिक्रेटरी, म्हणजे दुसऱ्या), ते फॉर्मवरच्या तारखेशी जुळतं का, प्लाझ्मा पेशी किती आणि कशात मोजल्या, त्या एका जागी आहेत की पसरलेल्या, आणि ग्रॅन्युलोमा आहेत की नाहीत. यातलं काही नसेल तर लॅबमध्ये जाऊन पॅथॉलॉजिस्टना भेटा. आम्ही आत बसलेले असतो, भेटतो. ‘नॉन-स्पेसिफिक’ हा शब्द दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की सुजेच्या रूपावरून कोणता जंतू ते सांगता येत नाही.

टीबीची ओळ वगळून वाचू नका

आपल्या देशात ही ओळ फार महत्त्वाची. क्षयाचे जंतू बहुधा आधी गर्भनलिकांत येतात आणि तिथून अस्तरात उतरतात. मायक्रोस्कोपखाली एपिथेलिऑइड पेशींच्या गाठी, लांगहान्स जातीच्या अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी, भोवती लिम्फोसाइट असं चित्र दिसतं. प्लाझ्मा पेशी यातही असतात. फुप्फुसातल्या गाठीसारखी, चीजसारखी मऊ कुज इथे क्वचित दिसते, कारण तेवढा वेळ मिळण्याआधीच अस्तर गळून जातं.

प्लाझ्मा पेशी दिसल्या म्हणून साध्या अँटिबायोटिकचा कोर्स झाला, पुन्हा झाला, तरी सूज तशीच, आणि टीबीची तपासणी केलीच नाही, असं होऊ देऊ नका. उलट बाजूही सांगते: अस्तराच्या नुसत्या पीसीआरमध्ये ‘पॉझिटिव्ह’ आलं एवढ्यावरच सहा महिन्यांची औषधं सुरू करण्याआधी तुकडा, कल्चर, सीबीनॅट, गरज पडली तर लॅपरोस्कोपी या सगळ्यांचा एकत्र विचार व्हायला हवा. टीबी ठरलाच तर त्याची नोंद सरकारकडे करणं २०१२ पासून बंधनकारक आहे आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. लाजून खासगीत अर्धवट औषधं घेऊ नका.

रक्तातल्या नॅचरल किलर पेशींची तपासणी

मोठ्या शहरांतून येणाऱ्या फायलींमध्ये ही तपासणी हल्ली दिसते. रक्तातल्या नॅचरल किलर पेशींचं प्रमाण ‘जास्त’ म्हणून स्टेरॉइड, इंट्रालिपिडची सलाइन, कधी इम्युनोग्लोब्युलिनची अतिशय महाग इंजेक्शनं लिहिलेली असतात. वर सांगितलंच, रक्तातल्या आणि अस्तरातल्या पेशी वेगळ्या. रक्त काढून अस्तराची स्थिती कळत नाही. ब्रिटनच्या प्रजनन-उपचारांवर देखरेख ठेवणाऱ्या एचएफईए या संस्थेनं अशा तपासण्या आणि उपचारांना लाल शेरा दिला आहे. युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या एश्रे या संघटनेनंही २०२३ मध्ये त्यांचा सरसकट वापर करू नये असंच सांगितलं.

मला याची काळजी पैशांपुरती नाही. जिथे टीबी घरोघरी झोपलेल्या अवस्थेत आहे, तिथे तो आहे की नाही हे न बघता बाईला स्टेरॉइड देणं धोक्याचं आहे. प्रतिकारशक्ती दबली की झोपलेला टीबी उठतो. तुमच्या फाईलमध्ये असं काही लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना शांतपणे विचारा: यानं बाळ होण्याची शक्यता वाढते याचा पुरावा काय आणि टीबी नाही हे आपण कसं ठरवलं?

औषध आणि त्यानंतर

साध्या जंतूंच्या सुजेत बहुतेक ठिकाणी पहिलं औषध डॉक्सिसायक्लिन, १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १४ दिवस. यामागे ई. कोलाय, स्ट्रेप्टोकॉकस, एंटेरोकॉकस, स्टॅफिलोकॉकस, मायकोप्लाझ्मा, युरियाप्लाझ्मा असे बरेच जंतू असू शकतात. योनीतला स्वॅब घेऊन आत कोण आहे ते खात्रीनं कळत नाही. हे औषध डॉक्टरांनी लिहून दिलं तरच घ्यायचं आणि दिवस राहिले असण्याची शक्यता असेल तर आधी सांगायचं. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेला चटका बसतो. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या आणि दूध तिच्या वेळेला नकोत, औषध अंगी लागत नाही. उन्हात त्वचा लवकर भाजते. शेतात जाणाऱ्या बायकांनी हात झाकूनच जावं. सूज लैंगिक संसर्गातून असेल तर नवऱ्यालाही औषध लागतं. त्याला सोबत घेऊन जा.

बहुतेकींच्या प्लाझ्मा पेशी पहिल्या कोर्समध्ये जातात. गेल्या की नाही हे मात्र पुन्हा नमुना बघूनच कळतं. ही सूज लक्षणं देत नसल्यामुळे “आता बरं वाटतंय” याला इथे अर्थ नाही. कोर्स संपल्यावर पुढच्या पाळीनंतर, त्याच दिवसांत, त्याच लॅबमध्ये. सूज गेलेल्या बायकांमध्ये गर्भ रुजण्याचं प्रमाण चांगलं दिसतं, असे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. पण चिठ्ठी टाकून दोन गट पाडलेल्या मोठ्या चाचण्यांचा भक्कम पुरावा अजून अपुरा आहे. मग औषध घ्यावं का? पेशी पुरेशा असतील, ठेवण बिघडलेली असेल, तर चौदा दिवसांचं ओळखीचं औषध घ्यावं असं मी माझ्या बहिणीलाही सांगेन. कोर्सवर कोर्स, कोर्सवर कोर्स मात्र नको. दोन कोर्सनंतरही पेशी तशाच असतील तर थांबून कारण शोधा: टीबी, राहिलेला कण, पॉलिप, आतल्या बाजूला आलेली फायब्रॉइडची गाठ.

पाळी कायमची गेल्यावर रक्तस्राव झाला आणि रिपोर्टात नुसती सूज आली, तर तेवढ्यावर समाधान मानू नका. त्या वयात कॅन्सर नाही याची खात्री आधी व्हायला हवी. नमुना अपुरा असेल तर पुन्हा घ्यायला हवा.

दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता कागद नेऊ नका. लॅबमध्ये अर्ज करून स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागा. ते तुमच्याच शरीराचे आहेत, लॅब नोंद करून देते. स्लाइड काचेची असते, कडक डबीत ठेवा. ब्लॉक मेणाचा असतो, तो उन्हात उभ्या गाडीत ठेवलात तर मेण मऊ पडतं. आणि तिकडचं काम झालं की दोन्ही परत आणून द्या, पुढच्या नमुन्याच्या वेळी शेजारी ठेवून बघायला लागतात.